मागच्या दाराशी खाल्लेला पाव

कारेगावच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत एक बंगला होता. रांजणगावच्या एमआयडीसीत बाटल्या भरायची यंत्रं बनवणारा एक कारखाना नव्यानं उभा राहत होता, त्यानं तो इटलीहून आलेल्या आपल्या माणसांसाठी भाड्यानं घेतला होता. नव्याण्णव सालची गोष्ट. त्या बंगल्यात रोज एकाच टेबलावर दोन स्वयंपाक जेवले जात. तिघं इटालियन प्रतिभा रणपिसेच्या हातचं जेवायचे. त्यांच्या शेजारी बसणारे तिघं इथले सुपरवायझर मात्र शिरूरच्या खानावळीतून आलेले डबे उघडायचे.

प्रतिभाला आधी वाटलं, आपल्या माणसांना ते परदेशी खाणं रुचत नसेल. बिनतिखटाचं, नुसतं तेल आणि टोमॅटो. म्हणून एकदा तिनं मुद्दाम पिठलं केलं, लसणाचा ठेचा केला, बाजरीच्या भाकरी थापल्या. इटालियन म्हातारा एर्मानो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ठेचा खात बसला. मारुतराव, म्हणजे तिघांतले थोरले सुपरवायझर, त्यांनी डब्यातल्या गार चपातीचा घास मोडला आणि ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून ते चहाही स्वतःच्या थर्मासमधून आणायला लागले.

प्रतिभा दौंडची. तिचे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते, रुळांवर उन्हातान्हात घण मारून त्यांची पाठ वाकली होती. क्वार्टरच्या चाळीत सगळ्या मुलखाची माणसं, त्यामुळं पाव, बिस्किट, अंडं यांचं तिला कधी नवल वाटलं नाही. सकाळी स्टेशनाजवळच्या बेकरीतला कडक पाव चहात बुडवून खायचा आणि शाळेत पळायचं, असं तिचं लहानपण गेलं. दहावी झाली, शिरूरच्या भीमनगरात दिली. नवरा एका कंपनीत कंत्राटी हेल्पर. मुलगी दीक्षा चौथीत गेल्यावर प्रतिभानं काम शोधलं, तेव्हा माणसं पुरवणारा कंत्राटदार पप्पूशेठ म्हणाला होता, "बंगल्यावर स्वयंपाकाचं काम हाय. गोऱ्या साहेबांना तुझ्या हातचं चालतंय."

चालतंय, या शब्दात काय आहे ते तिला तेव्हा ऐकू आलं नाही. आलं ते पुढं, पावसाळ्यात. ती मागच्या मोरीवर पातेली घासत होती, आणि खिडकीच्या आत तिघांतला धाकटा, पुण्याहून आलेला सार्थक, मारुतरावांना विचारत होता, "काका, वास भारी येतोय. आपण इथंच का जेवत नाही?"

"तुझं ठीक हाय, तू पुण्याचा," मारुतराव म्हणाले. "मला गावात राहायचंय. तिचं आडनाव ऐकलंस का? राहते कुठं ते बघ की."

प्रतिभाच्या हातातली घासणी थांबली. आत जावं आणि विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण ती गेली नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप राहा. कुठं न्हाई असं? इथं निदान तोंडावर तरी बोलत न्हाईत."

"तोंडावर बोलले अस्ते तर मी तोंडावर उत्तर दिलं असतं," ती म्हणाली, आणि रात्रभर भिंतीकडं तोंड करून जागी राहिली.

राग तेव्हा बसला तो बसलाच. रोज ती टेबल मांडायची, सहा ताटल्या, सहा पेले, आणि त्यातल्या तीन ताटल्या तशाच कोरड्या उचलून आत आणायची. मारुतराव तिला नावानं हाक मारत नसत. "ओ बाई," म्हणायचे. पाणी हवं असलं तरी ते पाणी ड्रायव्हर आण्णांनी भरलेलं हवं असायचं. आण्णा भांडगावचे, साठीच्या जवळ आलेला शांत माणूस. ते मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ स्टूल ओढून तिच्या हातचं जेवायचे आणि जाताना ताट धुऊन ठेवायचे. कशाबद्दलही बोलायचे नाहीत.

एर्मानोशी तिचं बरं जमलं होतं. तो फिटर होता, साहेब नव्हता, हात कायम ग्रीसचे. त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि तिच्या त्याहून मोडक्या इंग्रजीत ते दोघं स्वयंपाकाचं बोलत. त्यानं गावाकडून एका पाल्याचं बी आणून पत्र्याच्या डब्यात लावलं होतं. रोप वर आलं तेव्हा ती वास घेऊन म्हणाली, हा तर आमचा सब्जा. तो हसला आणि तेव्हापासून सब्जाच म्हणायला लागला. त्याच्या गावची माणसं शेतावर न्यायला अंड्याचं जाड धिरडं करून पावात भरतात, ते त्यानं तिला शिकवलं होतं. पण टेबलावर रोज तीन डबे वेगळे का उघडतात, हे त्यानं वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी सरदवाडीपाशी गॅसचा टँकर उलटला आणि पोलिसांनी शिरूरकडं जाणारा रस्ता बंद केला. प्रतिभाला घरी सोडायची जीप अर्ध्या वाटेवरून परत आली. आण्णांनी तिला बंगल्यावर उतरवलं. "रस्ता खुला झाला की सोडतो, पोरी. घरी फोन लाव," म्हणाले. तिनं घराशेजारच्या किराणा दुकानाच्या नंबरावर निरोप ठेवला आणि आवरलेल्या स्वयंपाकघरात परत येऊन बसली.

नऊच्या सुमाराला कारखान्यातून सगळे एकदम आले. पंधरवडाभर अडून बसलेलं यंत्र अखेर चाललं होतं. एर्मानो दारातूनच ओरडत आला. त्याचे दोघं जोडीदार बिअर उघडत होते. तिन्ही सुपरवायझरही आले, कारण त्यांनाही शिरूरला जाता येत नव्हतं. आणि डब्यांची गाडी टँकरच्या पलीकडं अडकली होती.

"नो टिफिन," एर्मानो खुशीत म्हणाला. "बरं झालं. आज सगळे एकत्र. प्रतिभा, पाव."

सकाळीच पुण्याहून लांबट कडक पाव आले होते. प्रतिभा उठली. तिला हे नको होतं. आजचा दिवस संपला होता, पोरगी घरी वाट बघत होती, आणि बाहेर व्हरांड्यात मारुतराव घसा खाकरत उभे होते. भुकेलं माणूस खाकरतं तसं. त्यांना विचारायला जाणार नाही, ती स्वतःशी म्हणाली. सगळ्यांसाठी करीन, जो खाईल तो खाईल.

तिनं बटाट्याच्या चकत्या केल्या, कांद्याबरोबर कढईत टाकल्या. ढोबळ्या मिरच्या गॅसच्या जाळावर ठेवल्या आणि वांगं भाजावं तशा काळ्या होईपर्यंत फिरवत राहिली. सालं सोलताना बोटं पोळली, तरी थांबली नाही. अंडी फोडली, मीठमिरी टाकून फेटली. फेटताना काटा भांड्यावर एवढा वाजत होता की एर्मानोनं आत डोकावून "हळू, हळू" केलं. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "टोमॅटो काप."

बटाट्यावर अंडं ओतलं, खालून धरल्यावर त्यावर ताटली पालथी घातली आणि झटक्यात उलटवून पुन्हा कढईत सोडलं. बोटभर जाड, दोन्हीकडून सोनेरी धिरडं झालं. एर्मानोनं पाव आडवे चिरले, आतून त्याचं ते हिरवट ऑलिव्हचं तेल सोडलं. प्रतिभानं त्यावर भाजलेल्या मिरच्या पसरल्या, चीजचे तुकडे, टोमॅटो, व्हिनेगरमध्ये चुरलेला कांदा, वरून धिरड्याच्या रुंद पट्ट्या आणि सब्जाची पानं. पाव मिटला, फडक्यात गुंडाळला आणि रस मुरावा म्हणून वर पाण्यानं भरलेला कुकर ठेवला. मग सुरीनं भले थोरले तुकडे केले. कडक पावाचा कर्रकन आवाज झाला. एवढं चांगलं झालं होतं की तिलाच राग आला. हे त्या माणसासमोर ठेवायचं आणि त्यानं तोंड फिरवायचं.

एर्मानोनं स्वतः ताटल्या नेल्या. मारुतरावांच्या हातात ताटली दिली तेव्हा ते दोन पावलं मागं सरले. "फास्टिंग," म्हणाले. "थर्सडे." छातीला हात लावला.

दुपारी याच माणसानं डब्यातली मटकी बोटं चाटून खाल्लेली प्रतिभानं पाहिली होती. ती दारात उभी होती. मारुतरावांनी तिला पाहिलं, आणि तिनं पाहिलंय हे त्यांना कळलं. दुसरे सुपरवायझर लगेच म्हणाले, त्यांचं पोट बिघडलंय. सार्थकनं एकदा ताटलीकडं पाहिलं, एकदा मारुतरावांकडं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"उपास," एर्मानोनं जोडीदारांना समजावलं. त्यांनी आदरानं माना हलवल्या आणि खायला बसले.

प्रतिभा आत आली. आण्णा स्टुलावर बसून सावकाश खात होते. "चांगलं झालंय," म्हणाले. तिनं कढई घासायला घेतली. आण्णा खाऊन रस्त्याची चौकशी करायला बाहेर गेले.

बराच वेळ गेला. मग मागचं दार, मोरीकडचं, हळूच वाजलं. मारुतराव होते. अंधारातून आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"प्रतिभाताई," ते म्हणाले.

वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं. तिला कळलं, आता काय येणार.

"उरलंय का काही? साखर उतरल्यासारखं झालंय. हात थरथरायला लागलेत."

खरंच थरथरत होते. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, दारात भुकेला आला तर आधी वाढायचं, मग विचारायचं. तिनं ताटलीत दोन तुकडे ठेवले आणि दिले. मारुतरावांनी पहिला तुकडा चार घासांत संपवला. तेल हनुवटीवर आलं, ते मनगटानं पुसलं. दुसरा घेतला. ती बघत राहिली. तिला क्षणभर वाटलं, झालं, संपलं हे एकदाचं. उद्यापासून टेबलावर एकच स्वयंपाक. राग थोडा सैल पडला होता, खोटं कशाला सांगायचं.

अर्धा तुकडा हातात असताना मारुतराव आवाज खाली आणून म्हणाले, "हे इथंच राहू दे बरं का. बाहेर कुठं बोलू नको. त्या दोघांना न्हाई, आण्णाला न्हाई. गावाकडं कळलं तर लोक मला नाव ठेवतील. आमच्या घरी पोरीचं लग्न हाय."

प्रतिभानं पदराला हात पुसले. ते पुन्हा म्हणाले, "तुलाबी कशाला तरास."

"मला कसला तरास?" तिनं विचारलं.

"तसं न्हाई. तुझी नोकरी हाय, म्हणून म्हणलं."

"मारुतराव," ती म्हणाली. साहेब नाही म्हणाली. "तुम्ही न्हाई खाल्लं अस्तं तर मी सोसलं अस्तं. रोज सोसतेच. तुम्ही माझ्या हातचं पोटभर खाल्लं, आन् वर मलाच गप बसायला सांगताय. चोरी तुम्ही केली आन् लपवायची मी?"

"हळू बोल."

"चला आत. टेबलावर बसून खावा. मी दुसरं देते, गरम करून देते. पण तिथं बसून."

"ते जमायचं न्हाई," मारुतराव म्हणाले, आणि उरलेला घास तोंडाकडं नेला.

तेव्हा तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली. घाससुद्धा. जेवत्या माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं, हे तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं, आणि आपण ते करतोय हे तिला कळत होतं. हात थांबला नाही. ती स्वयंपाकघरातून सरळ पुढच्या खोलीत गेली आणि मारुतरावांच्या रोजच्या खुर्चीसमोर ती ताटली ठेवली. अर्धा खाल्लेला तुकडा, त्यावर दातांच्या खुणा.

"हे मारुतरावांचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मागच्या दाराशी खात होते. तिथं उजेड न्हाई, म्हणून इथं आणलं."

टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, ते तसंच चालू राहिलं. पोट बिघडलेले सुपरवायझर उठून बाहेर गेले. सार्थक मान खाली घालून बसला. थोड्या वेळानं त्यानं हात लांब करून मधल्या ताटातला एक तुकडा घेतला आणि खायला लागला. पण तिच्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही, आणि तिलाही त्याचं कौतुक वाटलं नाही. एर्मानो मात्र मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, उपासकऱ्यानं चोरून खाल्लं आणि पकडला गेला, एवढीच गंमत आहे. "ब्राव्हो, मारुती," तो म्हणाला.

त्या हसण्यानं प्रतिभाचं डोकं जास्त फिरलं. पण तेवढ्यात आण्णा आले, रस्ता खुला झाला होता. जीपमध्ये ती पुढं बसली. मारुतराव त्या जीपमध्ये आलेच नाहीत. सरदवाडी ओलांडल्यावर आण्णांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "पोरी, तुला आता काढतील."

"म्हाईत हाय."

"मी काय बोलाया पायजे होतं का गं, इतके दिवस?"

"व्हय, आण्णा," ती म्हणाली. "बोलाया पायजे होतं."

आण्णांनी मान हलवली आणि गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पप्पूशेठ स्वतः भीमनगरात आला. चपला न काढता दारात उभा राहून म्हणाला, बंगल्यावरून तक्रार आली आहे, भांडी स्वच्छ नसतात, उद्यापासून यायचं नाही.

"तक्रार कुणी केली?"

"ते कशाला पायजे तुला?"

"जेवणारे तिघं गोरे. त्यांनी केली का? का जे जेवतच न्हाईत त्यांनी माझी भांडी तपासली?"

पप्पूशेठनं रस्त्याकडं पाहिलं. तो म्हणाला, दुसरीकडं बघू कुठं तरी, झाडलोटीचं वगैरे. प्रतिभानं दार लावून घेतलं. वस्तीतली पोरं म्हणाली, वैनी, केस करू. ती तयार होती. पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन बसली. तिथला हवालदार विचारायचा, त्यांनी शिवी दिली का? जातीवरून बोलले का? कुणी ऐकलं का? जेवले नाहीत हा काय गुन्हा आहे, बाई? सार्थकला बोलावलं तर तो म्हणाला, मला आठवत नाही. आण्णा मात्र आले आणि पाहिलेलं सगळं सांगून गेले. तक्रार लिहून घेतली गेली, पुढं तिचं काही झालं नाही.

एर्मानो एका रविवारी पत्ता शोधत घरी आला. आण्णांनी त्याला सगळं समजावलं होतं. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. मॅनेजरशी बोललो, म्हणाला, पण तो म्हणतो हा कंत्राटदाराचा विषय आहे. खुर्चीत अवघडून बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, त्यांना तिखट लागतं म्हणून डबा."

प्रतिभा त्याला चहा देत होती. तिनं कप खाली ठेवला. दीक्षा पाचवीत होती, तिला इंग्रजी थोडं येत होतं. प्रतिभा म्हणाली, "सांग गं त्यांना. म्हणावं, तुम्ही माझ्या हातचं वरीसभर खाल्लं. पाल्याला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. मिरची कशी भाजायची ते विचारलं. टेबलावर दोन स्वयंपाक का, ते न्हाई विचारलं."

दीक्षानं जमेल तसं सांगितलं. म्हाताऱ्यानं खाली ठेवलेला कप उचलला. "नो," म्हणाला. "नाही विचारलं." त्यानं चहा पूर्ण प्यायला, उठताना प्रतिभाला हात जोडले. तिनंही जोडले, पण "असू द्या" म्हणाली नाही. पुढच्या महिन्यात तो त्याच्या देशाला गेला.

शिरूरमध्ये तिला कुणी काम देईना. पप्पूशेठनं भांडखोर म्हणून नाव पसरवलं होतं. मग ती दीक्षाला घेऊन दौंडला आबांकडं आली. नवरा आधी चिडला, नंतर पाठोपाठ आला आणि एका गोदामात लागला. स्टेशनापासून चालत जाता येईल अशा गल्लीत प्रतिभानं पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आणि दोन हजार साली खानावळ काढली. बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: रणपिसे खानावळ. आबा म्हणाले, नुसतं घरगुती जेवण लिही, आडनाव कशाला, गिऱ्हाईक फिरेल. ती म्हणाली, फिरायचं ते पाटी वाचूनच फिरू दे.

फिरणारे फिरलेच. पाटी वाचून पायरीवरून उतरणारी माणसं ती ओट्यापासून बघायची, आणि दर वेळी तिच्या हातातलं पीठ जरा जोरात आपटलं जायचं. पण रेल्वेची माणसं यायला लागली, गाडी चुकलेले प्रवासी, साखर कारखान्याला आलेले मेकॅनिक, कॉलेजची पोरं. नवं माणूस महिन्याच्या जेवणाचं विचारायला आलं, की पाट मांडायच्या आधी ती सांगून टाकायची, "मी रणपिसे. माहेर इथलंच, सासर शिरूरच्या भीमनगरातलं. चालत नसंल तर आत्ताच उठा. भाकरी तव्यावर टाकल्यावर उठलेलं मला चालायचं न्हाई."

काही ओशाळून हसायचे, काही "असं काय बोलता, मावशी" म्हणायचे. एकदा एक जण खरंच उठला. चांगल्या कपड्यातला माणूस, "जरा फोन करून येतो" म्हणून चपला शोधायला लागला. आत आठ-दहा माणसं जेवत होती. सगळ्यांचे हात थांबले.

"फोन समोरच्या दुकानात हाय," प्रतिभा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "पण परत येऊ नका. तुमची जागा भरली."